प्रसाधने परत घेण्याचा इतिहास

विकलेला माल सदोष निघाला तर तो परत घ्यावा आणि ग्राहकाचे पैसे फेडावेत, ही अपेक्षा व्यापारात फार जुनी आहे. त्वचेला लावायच्या प्रसाधनांच्या व्यापारात मात्र तिचे दोन भाग वेगवेगळ्या वाटांनी आले. पैसे परत देण्याची हमी उत्पादकांनी खप वाढवण्यासाठी आपणहून दिली. धोकादायक माल बाजारातून काढून घेण्याचे बंधन कायद्याने घातले, आणि तेही बहुतेक वेळा माणसांना इजा झाल्यानंतर. हे दोन भाग एकाच नियमात बसायला दीडशे वर्षे लागली.

हमीची सुरुवात अमेरिकेत झाली. जे. आर. वॉटकिन्स यांनी 1868 मध्ये मिनेसोटा राज्यात अंगाला चोळायचे औषध विकायला घेतले. कंपनीच्या परंपरेनुसार त्या बाटलीच्या काचेतच एक खूण उमटवलेली असे. गिऱ्हाइकाने औषध त्या खुणेपर्यंत वापरून पाहावे, समाधान झाले नाही तर बाटली परत देऊन पूर्ण पैसे घ्यावेत, असा करार होता. फेरीवाल्याकडून अनोळखी वस्तू घेणाऱ्या शेतकरी कुटुंबांना या खुणेचा आधार वाटला. शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड कंपनीने 1875 मध्ये टपालाने पाठवलेल्या सर्व मालाला समाधानाची अशीच हमी दिली. पुढे साबण, पावडर आणि क्रीम विकणाऱ्यांनीही ही प्रथा उचलली.

ही हमी समाधानापुरती होती, इजेचा विचार तीत नव्हता. त्याच काळात, 1869 मध्ये, न्यूयॉर्कचे डॉक्टर लुइस सेअर यांनी तीन तरुणींची प्रकरणे प्रसिद्ध केली. तिघींच्याही हातांतली शक्ती गेली होती आणि मनगटे लुळी पडली होती. तिघीही गोरेपणासाठी ‘लेर्ड्स ब्लूम ऑफ यूथ’ नावाचे द्रव प्रसाधन चेहऱ्याला लावत होत्या. त्यात शिसे होते. डॉक्टरांनी कारण शोधून काढले, पण तो माल दुकानांतून उचलायला लावील असा कायदा तेव्हा नव्हता. 1906 च्या अमेरिकन अन्न व औषध कायद्यातूनही प्रसाधने वगळलेलीच राहिली.

या पोकळीची किंमत 1930 च्या दशकात मोजावी लागली. नको असलेले केस काढण्यासाठी ‘कोरेमलू’ क्रीम विकले जाई. त्यातल्या थॅलियम या विषारी धातूमुळे बायकांच्या डोक्यावरचे केस गेले आणि मज्जातंतूंना इजा झाली. भरपाईचे दावे इतके आले की 1932 मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि बाधितांच्या हाती फारसे काही लागले नाही. त्यापाठोपाठ पापण्या रंगवण्याच्या ‘लॅश ल्यूर’ने काहींची दृष्टी घेतली आणि एकीचा तरी जीव घेतला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1933 मध्ये अशा वस्तूंचे प्रदर्शन भरवले. लॅश ल्यूर वापरण्याआधीचा आणि नंतरचा त्याच स्त्रीचा चेहरा दाखवणारी छायाचित्रे त्यात शेजारी शेजारी लावली होती. 25 जून 1938 रोजी नवा कायदा झाला आणि त्याखाली जप्त झालेला पहिला माल लॅश ल्यूरचाच होता. जप्तीचा अधिकार सरकारला मिळाला, परंतु कंपनीला माल परत मागवायला लावण्याचा अधिकार प्रसाधनांच्या बाबतीत मिळाला नाही. माल परत मागवणे पुढची 84 वर्षे कंपनीच्या मर्जीवर राहिले.

युरोपात हा विचार फ्रान्समधल्या एका दुर्घटनेने बदलला. 1972 मध्ये तिथल्या रुग्णालयांत तान्ही मुले दाखल होऊ लागली. लंगोटाच्या जागेची कातडी सोललेली असे आणि मागोमाग झटके, ग्लानी अशी मेंदूची लक्षणे दिसत. शोध घेता घेता डॉक्टर ‘मोरांज’ नावाच्या बेबी टाल्कपर्यंत पोहोचले. माल भरणाऱ्या कारखान्यात चुकून हेक्साक्लोरोफीन हे जंतुनाशक पावडरीत मिसळले गेले होते आणि त्याचे प्रमाण सुमारे 6 टक्के होते. बाळाच्या चिघळलेल्या कातडीतून ते रक्तात आणि तिथून मेंदूत जाई. 204 मुलांना बाधा झाली आणि त्यांतली 36 दगावली.

माल दुकानांतून हटवला तरी घराघरांत पोहोचलेल्या डब्यांचा धोका उरतोच. कोणता डबा कोणत्या दिवशी, कोणत्या मिश्रणातून भरला गेला हे कळल्याशिवाय धोक्याची हद्द आखता येत नाही. फ्रान्सने 10 जुलै 1975 रोजी प्रसाधनांसाठी स्वतंत्र कायदा केला. पुढच्याच वर्षी युरोपीय समुदायाने सर्व सदस्य देशांसाठी प्रसाधनांचे समान नियम आणले. आज युरोपीय नियम माघारीच्या दोन पायऱ्या वेगळ्या मानतात. पहिल्या पायरीत माल साखळीतून, म्हणजे गोदाम आणि दुकानांतून हटवला जातो. दुसऱ्या पायरीत तो ग्राहकाच्या घरातून परत मागवला जातो. धोका गंभीर असेल तर पहिल्या पायरीवर थांबता येत नाही.

परताव्याची पद्धत कशी असावी, हा प्रश्न चीनमध्ये 2006 साली ऐरणीवर आला. सप्टेंबर महिन्यात तिथल्या तपासणी यंत्रणेने एसके-टू या महागड्या ब्रँडच्या नऊ उत्पादनांत क्रोमियम आणि निओडिमियम हे धातू सापडल्याचे जाहीर केले. ब्रँडची मालक कंपनी प्रॉक्टर अँड गॅम्बलने पैसे परत द्यायचे कबूल केले. मात्र मालात दोष नाही अशा आशयाच्या कागदावर ग्राहकाला सही करावी लागे आणि रोख हातात पडण्याऐवजी काही आठवडे थांबावे लागे. काउंटरवर रांगा वाढल्या, वाद झाले आणि शांघायमधल्या कंपनीच्या कार्यालयाचे दार संतापलेल्या गर्दीत फुटले. कंपनीला चीनमधील विक्री थांबवावी लागली. पुढच्या महिन्यात सरकारनेच जाहीर केले की सापडलेले अंश अत्यल्प असून त्यांपासून अपाय संभवत नाही. त्यानंतर विक्री पुन्हा सुरू झाली. मालाचा धोका नगण्य ठरला तरी ब्रँडची अब्रू परताव्याच्या अटींनी घालवली होती.

जपानमधली दोन प्रकरणे याहून गंभीर होती. फुकुओकाच्या एका कंपनीच्या ‘चा नो शिझुकु’ साबणात गव्हाच्या प्रथिनाचा अंश घातलेला असे. रोज तोंड धुताना तो त्वचेतून आणि डोळ्यांतून शरीरात जाई. कालांतराने काहींना गव्हाची तीव्र ॲलर्जी जडली, पाव किंवा नूडल्स खाल्ल्यावर त्यांना श्वास घेणे कठीण होऊ लागले. 2011 मध्ये साबण परत मागवण्यात आला. जपानच्या ॲलर्जीतज्ज्ञांनी 2,000 हून अधिक रुग्णांची नोंद केली.

दुसरे प्रकरण कानेबो या मोठ्या कंपनीचे. तिने रोडोडेनॉल हा त्वचा उजळवणारा घटक विकसित केला. सरकारी मान्यता मिळून 2008 मध्ये तो बाजारात आला. काही वर्षांत ग्राहकांकडून चेहऱ्यावर, मानेवर आणि हातांवर पांढरे डाग पडल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. असे डाग कोडानेही पडतात, म्हणून तो ग्राहकाचाच आजार असावा असे मानून कंपनीत त्या तक्रारी बाजूला पडल्या. मे 2013 मध्ये एका त्वचारोगतज्ज्ञाने आपल्या काही रुग्णांचे डाग आणि ही प्रसाधने यांचा संबंध कंपनीला कळवला, तेव्हा हालचाल सुरू झाली. 4 जुलै 2013 रोजी कंपनीने आठ ब्रँडची 54 उत्पादने परत मागवली. बाधितांची संख्या पुढे 19,000 च्या वर गेली. वापर थांबवल्यावर अनेकांचे डाग भरून आले, काहींचे मात्र वर्षानुवर्षे राहिले.

कानेबोची माघार या व्यवसायातल्या सर्वांत मोठ्या माघारींपैकी एक ठरली. कंपनीने अर्धवट वापरलेल्या बाटल्याही परत घेतल्या, कर्मचारी बाधितांच्या घरी पाठवले, उपचारांचा खर्च उचलला आणि नुकसानभरपाई दिली. तरीही अनेक रुग्ण न्यायालयात गेले. बाहेरच्या वकिलांच्या चौकशीत मुख्य दोष उशिराचा निघाला. 2011 पासूनच्या तक्रारी एकत्र मांडून पाहिल्या असत्या तर धोका आधी दिसला असता. माघारीची यंत्रणा कितीही सुसज्ज असली तरी ती तक्रारींच्या नोंदवहीपासून सुरू होते, ही या प्रकरणाची शिकवण आहे.

यानंतरच्या नियमांत हा धडा उतरला. अमेरिकेत जुलै 2021 मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने न्यूट्रोजिना आणि अ‍ॅव्हीनो ब्रँडचे काही फवारा-सनस्क्रीन बेंझीनच्या अंशामुळे परत मागवले. ग्राहकांनी वापर थांबवून डबे टाकून द्यावेत आणि दूरध्वनीवर परतावा मागावा, असे तिने सांगितले. ही माघारही ऐच्छिक होती. डिसेंबर 2022 च्या कायद्याने अखेर प्रशासनाला प्रसाधने परत मागवण्याची सक्ती करण्याचा अधिकार मिळाला. गंभीर इजेची तक्रार कामाच्या 15 दिवसांत कळवणेही कंपन्यांवर बंधनकारक झाले. युरोपात 13 डिसेंबर 2024 पासून लागू झालेल्या नियमानुसार माल परत मागवताना दुरुस्ती, बदली वस्तू आणि परतावा यांपैकी किमान दोन पर्याय ग्राहकापुढे ठेवावे लागतात. माघारीच्या सूचनेत ‘खबरदारी म्हणून’ किंवा ‘स्वेच्छेने’ अशी धोका सौम्य भासवणारी भाषाही वापरता येत नाही.

भारतात 1940 चा औषध कायदा 1962 च्या दुरुस्तीने प्रसाधनांनाही लागू झाला आणि ही तरतूद 1964 मध्ये अमलात आली. परवाने, नमुन्यांची तपासणी आणि खटले हे काम राज्यांच्या अन्न व औषध प्रशासनांकडे आहे. डिसेंबर 2020 मध्ये प्रसाधनांसाठी स्वतंत्र नियमावली आली. वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच नंबर, परवाना क्रमांक आणि वापरण्याची मुदत छापणे सक्तीचे आहे. माल परत मागवायची वेळ आली तर ग्राहकाच्या हातात ओळखीचा धागा एवढाच असतो.

महाराष्ट्राला या व्यवस्थेची ताकद आणि उणीव, दोन्ही मुंबईतल्या मुलुंडच्या बेबी पावडर कारखान्यात दिसली. 2007 मध्ये तिथे तयार झालेल्या काही बॅच इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक केल्याच्या कारणावरून प्रशासनाने 2013 मध्ये कारवाई केली. तोवर सहा वर्षे उलटली होती. पुढे पुणे आणि नाशिक इथून घेतलेल्या नमुन्यांचा सामू मर्यादेबाहेर आढळल्यावरून सप्टेंबर 2022 मध्ये कारखान्याचा परवाना रद्द झाला. हे नमुने 2018 च्या अखेरीस घेतलेले होते. जानेवारी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही कारवाई रद्दबातल केली. तपासणीतली दिरंगाई आणि कारवाईची कठोरता, दोन्हींवर न्यायालयाने बोट ठेवले. नमुना घेतल्यापासून निष्कर्षापर्यंत वर्षे जात असतील तर माघारीचा आदेश निघेपर्यंत तो माल संपलेला असतो.

परताव्याचा हक्क मात्र आता कायद्यात स्पष्ट आहे. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 मध्ये लागू झाला. सदोष वस्तू परत घेण्यास किंवा बिलावर दिलेल्या मुदतीत पैसे परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. बिलावर मुदत नसेल तर ती 30 दिवसांची धरली जाते. धोकादायक वस्तू परत मागवण्याचा आणि तिची किंमत खरेदीदारांना परत देण्याचा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण काढू शकते. इजा झाल्यास उत्पादक आणि विक्रेत्याविरुद्ध भरपाईचा दावा वेगळा करता येतो. एकाच कायद्यात माघार, परतावा आणि भरपाई अशा तिन्ही गोष्टी भारतीय ग्राहकाला प्रथमच मिळाल्या.

हे सारे लेबल असलेल्या मालापुरते आहे. 2023 च्या सुरुवातीला अकोल्यातील एकाच कुटुंबातल्या तीन महिलांच्या मूत्रपिंडांना गोरेपणाच्या क्रीमने इजा झाल्याचे उघड झाले. क्रीम ब्यूटी पार्लरमधून मिळाले होते आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याचा छडा लागला. त्यात पारा मोठ्या प्रमाणात होता. भारतीय नियमांनुसार तयार प्रसाधनात नकळत येणाऱ्या पाऱ्याची मर्यादा दशलक्षात एक भाग आहे, डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनांत 70 भाग. अशा डबीवर बॅच नंबर नसेल, उत्पादकाचा पत्ता नसेल, तर परत कुणी मागवायचे आणि पैसे कुणी द्यायचे, हा प्रश्नच उभा राहत नाही. उरतो तो फक्त उपचारांचा खर्च.

त्यामुळे परवाना क्रमांक आणि बॅच नंबर नसलेले क्रीम कितीही गुणकारी म्हणून सांगितले गेले तरी घेऊ नये. घेतलेल्या प्रसाधनाचे खोके आणि बिल ते संपेपर्यंत जपावे. त्वचेवर डाग किंवा चट्टे उठले तर वापर थांबवून डॉक्टरांना दाखवावे आणि कंपनीला लेखी कळवावे. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. मुलांच्या पावडरीपासून सनस्क्रीनपर्यंतचा हा इतिहास सांगतो की मोठ्या माघारीची सुरुवात एखाद्या ग्राहकाने किंवा डॉक्टरने नोंदवलेल्या एका तक्रारीतून होते.