किला गेटपाशी गाडी सुरू होत नाही? आधी बॅटरी बघा
ग्वाल्हेरच्या किला गेटकडून किल्ल्यावर पायीच चढावं लागतं. गाड्या वर जातात त्या उरवाईच्या रस्त्याने. त्यामुळे इथे गाडी खाली लावून लोक दोन-तीन तास वर असतात. पार्किंग लाइट चालू राहिला, की परतल्यावर चावी फिरवताच नुसतं टकटक. थंडीत हे जास्त घडतं, पण बॅटरी खरी खंगते ती इथल्या उन्हाळ्यात.

हेडलाइट लावून स्टार्टर मारा. दिवे एकदम मंदावले तर बहुधा बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहे; पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर आधी साफ करून आवळा. दिवे लख्ख राहूनही इंजिन फिरलं नाही, तर संशय स्टार्टरवर. मीटरवर 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, 12 च्या खाली जवळजवळ रिकामी.

जंप देताना लाल वायर प्लसला प्लस. काळ्या वायरचं शेवटचं टोक मात्र बंद गाडीच्या बॅटरीला नको, इंजिनच्या उघड्या धातूला लावा. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटू शकतो. ऑटोमॅटिक गाडीला धक्का मारून काही होत नाही.

इंजिन चालू असताना 13.5 ते 14.5 व्होल्ट यायला हवेत. तेवढे येत नसतील तर अल्टरनेटर दाखवा, नाहीतर नवी बॅटरीही चार दिवसांत उतरेल.