क्षेपणभूमी : भूजल व वायूचे संनियंत्रण

क्षेपणभूमीतील कचऱ्यातून झिरपणारे पाणी (लीचेट) आणि कचरा कुजताना निघणारा वायू हद्दीबाहेर जातात का, हे वर्षानुवर्षे तपासत राहण्याचे काम. भारतात घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 यांनी त्याची चौकट घालून दिली. भरावाच्या हद्दीपासून 50 मीटरच्या आतील भूजल उन्हाळ्यात, पावसाळ्यात व पावसाळ्यानंतर तपासायचे, जागा बंद झाल्यावरही किमान 15 वर्षे देखरेख ठेवायची आणि कचरा पडण्याआधीच तेथील पाण्याची प्रत नोंदवून ठेवायची. यांतली आधीची नोंद सर्वांत मोलाची. ती नसेल, तर विहीर बिघडलेल्या शेतकऱ्याला आपले पाणी पूर्वी गोडे होते हे सिद्ध करायला कागदच उरत नाही. मुंबईतील देवनारची क्षेपणभूमी 1927 पासूनची, म्हणजे असल्या कोणत्याही नियमाच्या कितीतरी आधीची आहे.

भूजलासाठी किमान एक निरीक्षण विहीर प्रवाहाच्या वरच्या अंगाला आणि काही खालच्या अंगाला घेतात. दोन्हींतला फरक हाच पुरावा. क्लोराइड मातीला चिकटत नाही, पाण्याबरोबर पुढे सरकते, म्हणून बहुधा तेच आधी वाढलेले दिसते. अमोनिया व जड धातू मागाहून येतात. मात्र सांडपाण्यानेही क्लोराइड वाढते, त्यामुळे एकट्या आकड्यावर निकाल देऊ नये. नमुना घेण्याआधी विहिरीत साचलेले पाणी उपसून टाकतात, विद्युतवाहकता आणि सामू स्थिर होईपर्यंत थांबतात. धातूंसाठीचे पाणी गाळून त्यात नायट्रिक आम्ल घालतात आणि बाटल्या बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत नेतात. साचलेलेच पाणी बाटलीत भरले, तर पुढची सारी तपासणी वाया जाते.

दख्खनच्या काळ्या पाषाणात खरी अडचण जागा निवडण्याची आहे. पाणी येथे वाळूच्या थरासारखे सगळीकडून सारखे वाहत नाही; ते मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून वाट काढते. निरीक्षण विहिरीला ती भेग लागली नाही, तर अहवाल स्वच्छ येतो आणि दोन शेते पलीकडची विहीर मात्र बाटते. म्हणून नियमाच्या 50 मीटरवर न थांबता गावातल्या वापरातल्या विहिरी आणि बोअरही तपासणीत घ्यायला हव्यात.

वायूत मुख्यतः मिथेन व कार्बन डायऑक्साइड असतात. हवेत मिथेन 5 ते 15 टक्के असताना ठिणगी पडली, की स्फोट होतो. 2016 च्या नियमांनी मर्यादा खालच्या स्फोटक पातळीच्या चतुर्थांशाची, म्हणजे सुमारे 1.25 टक्क्याची ठेवली. हद्दीलगत भोके पाडून त्यांत छिद्रांच्या नळ्या बसवतात, भोवती खडी भरतात, वर बेंटोनाइटची डाट लावतात. माथ्यावरच्या तोटीला यंत्र जोडून आधी दाब मोजायचा, मग मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन. ज्वलनावर चालणारे साधे मापक ऑक्सिजन कमी असलेल्या वायूत चुकीचा, बहुधा कमी आकडा दाखवते. अशा ठिकाणी अवरक्त किरणांवर चालणारे यंत्र लागते.

वायू केव्हा मोजला, यालाही तितकेच महत्त्व आहे. इंग्लंडमधील डर्बीशर परगण्यात लोस्को येथे विटांच्या मातीच्या जुन्या खाणीत कचरा भरलेला होता. 24 मार्च 1986 रोजी तेथून खडकातून सरकत आलेल्या वायूच्या स्फोटाने जवळचा एक बंगला उद्ध्वस्त झाला आणि आतील तिघे जखमी झाले. त्या रात्री हवेचा दाब सात तासांत 29 मिलिबारने उतरला होता. बाहेरचा दाब झपाट्याने उतरला, की जमिनीतला वायू वर आणि बाजूला सुटतो. निवांत, कोरड्या दुपारी तीन महिन्यांतून एकदा घेतलेल्या नोंदीत हे सापडत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात तर दाबही खाली येतो आणि भिजलेली माती वरची वाट बंद करते. तेव्हा वायू आडवा पसरण्याचा धोका वाढतो. कमी दाबाचे पट्टे येतील त्या दिवसांत मुद्दाम नोंदी घ्याव्यात, आणि त्या नळ्यांपुरत्या न ठेवता जवळच्या घरांची तळघरे, गटारांची झाकणे व कोरड्या विहिरींतूनही घ्याव्यात. विहिरीत साचलेला कार्बन डायऑक्साइड उतरणाऱ्याचा जीव घेतो, त्याला ठिणगीची गरज नसते.

लोस्कोचा परिसर कोळशाच्या खाणींचा, त्यामुळे मिथेन नेमका कुठला हा वाद अशा ठिकाणी अटळ असतो. कोट्यवधी वर्षांच्या कोळशातील मिथेनमध्ये कार्बन-14 उरलेला नसतो. अलीकडच्या भाजीपाल्याच्या, कागदाच्या कचऱ्यातून निघालेल्या मिथेनमध्ये तो सापडतो.