इतिहासाच्या विद्यार्थ्याला नेमकी कोणती मदत लागते?

इतिहासात एम.ए. करणारी मुलं भेटली की एक प्रश्न हमखास येतो, "सर, पुढे काय?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा दोनच वाटा असतात: नेट, नाहीतर स्पर्धा परीक्षा. आज आपण हा प्रश्न जरा मागून सुरू करू. मराठी मुलखात इतिहास शिकू पाहणाऱ्याला मदत कशी मिळत गेली आणि कोणाकडून? पैशाचा विषय येईलच. पण आमचं म्हणणं असं आहे की पैसा ही दुसरी पायरी. पहिली पायरी म्हणजे जुना कागद वाचायला शिकवणारं माणूस.

राजवाड्यांपासून बघू. 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला, तेव्हा विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांच्या पाठीशी कुठलं विद्यापीठ नव्हतं. पुण्यातलं पेशवे दप्तर तर 1818 नंतर इंग्रजांच्या ताब्यात गेलेलं. इनामांचे दावे तपासायला सरकार ते वापरायचं, पण अभ्यासकांना ते मोकळेपणाने उघडून मिळत नसे. म्हणून राजवाडे गावोगाव हिंडले आणि लोकांच्या वाड्यांमधली खासगी दप्तरं धुंडाळली. तिकडे मिरजेत वासुदेवशास्त्री खरे शाळेत शिकवता शिकवता पटवर्धनांचं दप्तर वाचत होते, छापत होते. दोघांनाही शिष्यवृत्ती नव्हती.

मग 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं. मंडळाने ग्रंथ छापले, कागद जमवले, ते सगळं आहेच. आम्हाला त्याहून मोलाची वाटते ती पाक्षिक सभा. कोणाला एखादं पत्र सापडलं, एखादा शिलालेख वाचला, की त्याने टिपण आणायचं आणि सर्वांसमोर वाचायचं. समोर मुरलेली माणसं बसलेली. तारीख चुकली तर तिथल्या तिथे पकडणार. टिपण टिकलं तर छापलंही जाणार. आज आपण याला सेमिनार म्हणतो. फरक इतकाच की तिथे हजेरीचे गुण नव्हते. अशा वातावरणात तयार झालेल्या वा. सी. बेंद्र्यांनी 1928 साली 'साधनचिकित्सा' लिहिलं. ऐतिहासिक साधन पारखायचं कसं, हे मराठीतून शिकवणारं पुस्तक. 1935 साली ज्या परिषदेतून पुढे इंडियन हिस्टरी काँग्रेस उभी राहिली, तीही पुण्यात या मंडळाच्याच पुढाकाराने भरली होती.

पेशवे दप्तर खऱ्या अर्थाने उघडलं ते 1930 च्या आसपास. जदुनाथ सरकारांनी त्यासाठी खटपट केली आणि काम आलं रियासतकार सरदेसायांकडे. बडोद्याची नोकरी संपलेली, वय साठीपलीकडे. हाताशी मोडी वाचणारे काही मदतनीस घेऊन त्यांनी 1930 ते 1934 या काळात निवडक कागदांचे 45 खंड काढले. रोज रुमाल सोडायचे, वाचायचे, निवडायचे, नकलायचे. (रुमाल म्हणजे कागद बांधून ठेवलेलं कापडी गाठोडं. नव्या मुलांना हा शब्द सांगावा लागतो.)

आता कोणी म्हणेल, लिपी शिकायला असे किती दिवस लागतात? अक्षरं पंधरा दिवसांत येतात हो. पण कागद येत नाही. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि मग अक्षरं लिहितात, त्यामुळे शब्द कुठे संपला ते कळत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. 'राजश्री'चं नुसतं 'रा।' होतं. आणि सगळ्यात मोठी फसवणूक होते ती तारखेत.

उदाहरण घेऊ. पत्रावर लिहिलंय, 'सु॥ इहिदे सितैन मया व अलफ'. हे अरबी आकडे आहेत: एक, साठ, शंभर, हजार. म्हणजे शुहूर सन 1161. इसवी सन काढायला 599 मिळवा, असं विद्यार्थ्याने कुठेतरी वाचलेलं असतं. आले 1760. पण शुहूर सन मृग नक्षत्राबरोबर सुरू होतो, म्हणून त्याला मृगसाल म्हणतात. जानेवारी उजाडला की 599 नव्हे, 600 मिळवायचे. पत्र पानिपतानंतर चार दिवसांनी लिहिलेलं असेल आणि तुम्ही 599च मिळवले, तर ते जाऊन पडतं जानेवारी 1760 मध्ये. तो महिना दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडल्याचा! भाऊसाहेब तेव्हा दक्षिणेत आहेत, उदगीरची लढाईसुद्धा अजून व्हायची आहे. एका आकड्याने सगळी मोहीम उलटीपालटी. ही गोष्ट पुस्तकात दोन ओळींत असते, पण अंगवळणी पडते ती शेजारी बसलेल्या जाणकाराने दहा वेळा टोकल्यावर.

हा जाणकारच आज दुर्मीळ आहे. 1950 च्या सुमारास शाळांतून मोडी गेली आणि घरात मोडी लिहिणारी शेवटची पिढीही हळूहळू गेली. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम जिल्ह्याजिल्ह्यांत निघालं, तेव्हा सरकारी कचेऱ्यांना मोडी वाचणारी माणसं शोधत फिरावं लागलं. त्या मागणीच्या राजकारणात आपण आज शिरत नाही. पण ज्या मुलांनी हौस म्हणून मोडी शिकली होती, त्यांना अचानक काम मिळालं, हे खरं.

पैशाचं थोडक्यात. नेटमधून जेआरएफ मिळाली तर सुरुवातीला महिना 37,000 रुपये आहेत. पीएच.डी.साठी भारतीय इतिहास अनुसंधान परिषदेची फेलोशिप आहे. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती आहेत. यातून खेड्यापाड्यांतली, घरात पहिल्यांदाच पदवीधर झालेली मुलं संशोधनात आली. राजवाड्यांच्या काळात हे शक्य नव्हतं, हे मान्यच करायला हवं. रक्कम वेळेवर यावी म्हणून मुलांना आंदोलनं करावी लागतात, तेही तितकंच खरं. पण फेलोशिप हातात आल्यावर पहिलं वर्ष लिपी शिकण्यात गेलं, तर ती मदत अर्धी वायाच जाते. म्हणून आमचं सांगणं, लिपी एम.ए.च्या आत उरका. पुराभिलेख संचालनालयाचे मोडी वर्ग भरतात. नव्या अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंग आलंय. ते कुठल्यातरी दुकानाचं प्रमाणपत्र आणून भागवू नका, अभिलेखागारात किंवा संग्रहालयात करा.

मोडीच शिकायची का? विषयावर आहे. तंजावरच्या मराठ्यांवर काम करायचं तर मोडीबरोबर तमिळही हवी. गोव्यावर करायचं तर पोर्तुगीज. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पणजीच्या दप्तरखान्यात बसून मराठे-पोर्तुगीज संबंधांचा जो इतिहास उलगडला, तो दोन्हीकडचे कागद वाचता आले म्हणूनच.

आणि गावात शिकवणारं कोणीच नसेल तर? एक जुनी युक्ती आहे. सरदेसायांच्या 45 खंडांतला एक छापील कागद निवडा आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात त्याचं मूळ मिळतं का ते विचारा. मिळालं तर छापील पान पालथं ठेवा, मूळ कागद आपला आपण वाचून वहीत उतरवा आणि मग ताडून बघा. पहिल्या दिवशी चार ओळी झाल्या तरी पुष्कळ.