नाइलाजाची सायकल

परवा ऑफिसच्या कँटीनमध्ये एका नव्या मुलाने विचारलं, "सर, तुम्ही सायकलने का येता?" मी सवयीप्रमाणे पर्यावरण, तब्येत आणि ट्रॅफिक असं तीन कलमी उत्तर दिलं. तो खूश होऊन गेला आणि मी चहा संपेपर्यंत विचार करत बसलो, की लेका, आपण चक्क थाप मारली.

खरं कारण असं. २०२२ मध्ये ऑफिसं पुन्हा सुरू झाली तेव्हा दोन वर्षं पार्किंगमध्ये उभी राहिलेली माझी गाडी चालू होईना. गॅरेजवाला म्हणाला पार्ट यायला दोन आठवडे लागतील. कोथरूड ते बाणेर रोज रिक्षा परवडणारी नव्हती, बसचं गणित जमेना. खाली मुलाची सायकल धूळ खात पडली होती, ती पुसली आणि निघालो. बस्स, एवढंच. पर्यावरण वगैरे तिसऱ्या आठवड्यात सुचलं, कारण तोवर गाडी दुरुस्त होऊन आली होती आणि तरी मी सायकलच का काढतोय हे बायकोला सांगणं भाग होतं.

मग शनिवार-रविवार हाच नाद लागला. लोक मुळात कामाला सायकलने जायला लागतात ते का? वाचत गेलो तसं एक लक्षात आलं. सांगायची कारणं वेगळी असतात आणि सुरुवात व्हायचं कारण वेगळं. सुरुवात बहुतेक वेळा काहीतरी बंद पडल्यामुळे होते. बस बंद, तेल बंद, गाडी बंद. आमच्या धंद्यात याला 'वर्कअराउंड' म्हणतात. मूळ सिस्टीम झोपली की तात्पुरती काढलेली पळवाट. आणि ज्याने कोड लिहिलाय त्याला ठाऊक असतं की काही पळवाटा दोन दिवसांत पुसल्या जातात आणि काही वीस वर्षं टिकतात. खरा प्रश्न तो आहे. कुठली टिकते आणि का?

(सायकलचा जन्मच टंचाईतून झाला असंही एक मत आहे. १८१५ मध्ये इंडोनेशियात तंबोरा ज्वालामुखी फुटला, १८१६ मध्ये युरोपात उन्हाळाच झाला नाही, ओट महागले, घोडे पोसणं जड झालं, म्हणून १८१७ मध्ये कार्ल ड्राइसने मानहाइमला पायांनी ढकलायची दुचाकी काढली. सगळ्या इतिहासकारांना हे पटत नाही. पण गोष्ट झकास आहे!)

न्यूयॉर्कची गोष्ट पटकन सांगतो. १९८० च्या एप्रिलमध्ये तिथे बस आणि भुयारी रेल्वेचा अकरा दिवस संप झाला. लोक चालत, स्केट्सवर, सायकलींवर कामाला गेले. महापौर एड कॉच यांना सायकलींचा हा उत्साह एवढा आवडला की त्यांनी त्या वर्षी मॅनहॅटनच्या मोठ्या रस्त्यांवर सायकलींसाठी काँक्रीटचे कठडे घालून वेगळी वाट काढली. दुकानदार, टॅक्सीवाले ओरडले आणि काही आठवड्यांतच कठडे उचलले गेले. संप संपला, प्रकरण मिटलं.

क्युबाची गोष्ट मात्र पटकन सांगण्यासारखी नाही. तिने मला जरा हलवलंच.

१९८९ पर्यंत क्युबाचं जवळजवळ सगळं तेल सोव्हिएत युनियनकडून यायचं, साखरेच्या मोबदल्यात, सवलतीच्या भावात. मग तो पुरवठा आटत गेला आणि १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत युनियनच उरलं नाही. अमेरिकेची व्यापारबंदी आधीपासून होतीच. बस उभ्या राहिल्या, ट्रॅक्टर उभे राहिले, वीज तासन् तास जाऊ लागली. कास्त्रो सरकारने या सगळ्याला 'शांततेच्या काळातला विशेष कालखंड' असं नाव दिलं. (सरकारी नावं ठेवायचं कसब जगभर सारखंच.) आणि चीनकडून सायकली मागवल्या. थोड्याथोडक्या नाही, दहा लाखांहून जास्त. लोकसंख्या होती एक कोटीच्या आसपास! फॉरेव्हर आणि फ्लाइंग पिजन या त्यातल्या गाजलेल्या जाती. जड, बिनगिअरच्या, आपल्या दूधवाल्यांच्या सायकलींच्या सख्ख्या बहिणी. कारखान्यांतून, कचेऱ्यांतून, विद्यापीठांतून त्या वाटल्या गेल्या.

ज्या शहरात सायकल हे पोराटोरांचं खेळणं होतं तिथे डॉक्टर, प्राध्यापक, कारकून सगळे सायकलवर आले. हवानाच्या बंदराखालून बोगदा जातो. त्यात सायकल चालवता येत नव्हती, म्हणून खुर्च्या काढलेल्या खास बस सोडल्या. माणूस आपल्या सायकलीसकट आत चढायचा आणि पलीकडे उतरायचा. ट्रकच्या इंजिनामागे जोडलेल्या लांबलचक बसगाड्यांना मधल्या खोलगट भागामुळे लोक 'उंट' म्हणायचे. माणसं त्यात कोंबून भरायची. त्यापेक्षा सायकल बरी, असंही लोकांना वाटलं असणार.

आता यातला एक भाग आरोग्याच्या लेखांमध्ये फार आवडीने सांगतात. सिएनफुएगोस शहरातल्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१३ मध्ये छापून आला. त्या वर्षांत लोकांचं वजन सरासरी पाचेक किलोने उतरलं आणि पुढच्या काळात मधुमेहाने आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू घटले. वाचून वाटतं, वा, काय छान! पण वजन नुसत्या सायकलने उतरलं नव्हतं. लोक उपाशी होते. १९९१ ते १९९३ या काळात पन्नास हजारांहून जास्त लोकांची नजर अधू झाली, हातापायांना मुंग्या आल्या. जीवनसत्त्वांचा अभाव हे त्याचं मोठं कारण निघालं. अशा अंगाने माणसं रात्री दिवे नसलेल्या रस्त्यांवरून दहा-दहा किलोमीटर पायडल मारत घरी जात होती. तिथल्या माणसाला जाऊन कुणी पर्यावरण ऐकवलं असतं तर त्याने पंपच फेकून मारला असता.

आणि मग? नव्वदचं दशक संपत आलं तसं पर्यटन वाढलं, पुढे व्हेनेझुएलाचं तेल आलं, चिनी बस आल्या. सायकली दिसेनाशा झाल्या. वजनंही पुन्हा वाढली. दहा लाख सायकली, आठ-दहा वर्षांची सवय, सगळं असून लोकांनी त्या सोडल्या. कारण सायकलीला भुकेचा वास लागला होता.

हॉलंडचं काय मग? तिथे सायकल कायमची आहे असं आपण धरून चालतो. तसं नाहीये. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारींनी शहरं भरली, सायकली घटत गेल्या आणि १९७१ मध्ये रस्त्यावर तीन हजारांहून जास्त माणसं मेली. त्यात चारशेहून जास्त मुलं होती. फिक लाङेनहॉफ नावाच्या पत्रकाराची लहान मुलगी अशीच शाळेत जाताना गेली. त्याने १९७२ मध्ये लेख लिहिला, 'बालहत्या थांबवा' अशा अर्थाच्या मथळ्याचा. त्याच नावाची चळवळ उभी राहिली. आईबाप रस्ते अडवून बसू लागले, मोटारी थांबवून मुलांना रस्त्यात खेळू द्यायला लागले.

तेलाचं संकट त्यानंतरचं आहे. हा क्रम महत्त्वाचा. इस्रायलला पाठिंबा दिला म्हणून १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी हॉलंडचं तेल तोडलं आणि ४ नोव्हेंबर १९७३ पासून दोन महिने दर रविवारी खासगी मोटारींना बंदी आली. मोकळ्या महामार्गांवर लोक सायकली घेऊन गेले, मुलं चाकाच्या बुटांवर गेली. त्याचे फोटो प्रसिद्ध आहेत. पण रविवार संपले तेव्हा प्रकरण न्यूयॉर्कसारखं मिटलं नाही, कारण रस्त्याबद्दल भांडणारी माणसं आधीच तयार बसली होती. १९७५ मध्ये सायकलस्वारांची संघटना निघाली, टिलबर्ग आणि हेग इथे सरकारी पैशाने नमुन्याचे सायकलमार्ग झाले, मग डेल्फ्टने अख्ख्या गावाचं जाळं विणलं. पळवाट होती ती मूळ सिस्टीममध्ये घेतली गेली, आमच्या भाषेत मर्ज झाली!

आता लोकांना कारण विचारा. कोपनहेगनची महापालिका वर्षानुवर्षं हा हिशोब ठेवते. सायकल का, तर पटकन जाता येतं, सोपं पडतं, हेच उत्तर सगळ्यात जास्त. पर्यावरण म्हणणारे अगदीच थोडे. म्हणजे जिथे सायकल खरोखर रुजली तिथे कुणी माझ्यासारखी भाषणं देत नाही.

असो. आता घरचं.

पुण्याला 'सायकलींचं शहर' म्हणायचे, हे इतक्यांदा ऐकलंय की ते एखाद्या बक्षिसासारखं वाटतं. माझे बाबा नारायण पेठेतून खडकीच्या एका कारखान्यात जायचे. १९६८ पासून पंधरा वर्षं. पहिली पाळी सातची, म्हणजे सहालाच घर सोडायचं, डबा कॅरिअरला, पावसात रेनकोट आणि वर प्लॅस्टिकची टोपी. शिवाजीनगर, वाकडेवाडी, खडकी. त्यांना कधी विचारलं नव्हतं, परवा विचारलं, सायकलच का?

"मग काय हेलिकॉप्टर?" बाबा म्हणाले.

मग बोलत गेले. बस पाळीच्या वेळेला मिळेल याची खात्री नसायची. उशीर झाला की पगार कापला जायचा. स्कूटर घ्यायची तर बजाजसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबा. आकुर्डीला कारखाना, पण पुण्यातल्या माणसालाही रांग! परवान्यांच्या राज्यात कंपनीने किती स्कूटरी बनवायच्या हे सरकार ठरवायचं. सायकल तेवढी बिनरांगेची. तरी तिचेही जाच होतेच. पालिकेचा कर भरून बिल्ला लावायचा, रात्री दिवा नसला की पोलीस पकडणार, डबलसीट दिसला की पकडणार. थोडक्यात, ज्याला आपण 'सायकलींचं शहर' म्हणून मिरवतो ते बऱ्याच अंशी स्कूटरच्या रांगेत उभं राहिलेल्यांचं शहर होतं. पेठा जवळजवळ, रस्ते सपाट, हेही खरं. पण बाबांच्या यादीत ते नव्हतं.

१९७२ मध्ये अहमदनगरच्या (आताचं अहिल्यानगर) कायनेटिकने लुना काढली. लुनाला पायडल होतं हे विसरू नका. पेट्रोल संपलं तर मारत घरी जाता यायचं. सायकलवाल्याला न घाबरवता मोटारवाला करण्याची याहून चांगली युक्ती मला माहीत नाही. आमच्याकडे लुना १९८३ मध्ये आली. हार घातला, नारळ फोडला आणि त्याच संध्याकाळी बाबांनी सायकल दूधवाल्याला देऊन टाकली. विकली नाही, दिली. आई म्हणाली, "राहू दे की, भाजीला होईल." ते ऐकेनात.

म्हणून मी सायकलने ऑफिसला जायला लागलो तेव्हा सगळ्या घरात एकटे बाबा चिडले होते. "अरे, ती सुटावी म्हणून मी ओव्हरटाइम केला, आणि तू हौसेनं करतोस?" मला तेव्हा ते जुन्या पिढीचं काहीतरी वाटलं. हवानाबद्दल वाचल्यावर नाही वाटत.

एक आकडा सांगतो, मला तो माहीत नव्हता. २०११ च्या जनगणनेत विचारलं होतं की कामाला कसे जाता. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले सोडून उरलेले कामकरी होते सुमारे २० कोटी. त्यातले साधारण १३ टक्के सायकलने जात होते आणि स्कूटर-मोटरसायकलवाले जवळजवळ तेवढेच! म्हणजे अडीच कोटींहून जास्त लोक. यातल्या कुणाची मुलाखत 'पर्यावरणस्नेही प्रवास' म्हणून छापून येत नाही. पुणे महापालिकेने २०१७ च्या डिसेंबरात सायकल आराखडा मंजूर केला, त्याच सुमाराला ॲपवरून भाड्याच्या रंगीत सायकली आल्या आणि दोन-तीन वर्षांत गेल्याही. हे अडीच कोटी तेव्हाही चालवत होते.

आमच्या ऑफिसच्या तळघरात सायकलींचा स्टँड आहे. वर छप्पर, सीसीटीव्ही, भिंतीवर हिरवं पान काढलेलं. त्यात आम्हा हौशी लोकांच्या चार सायकली असतात, जागा तीसची. आणि गेटबाहेर, फूटपाथच्या कडेला, कुंपणाला साखळ्यांनी बांधलेल्या अकरा. मोजल्या मी. त्या सिक्युरिटीवाल्यांच्या आणि सफाईच्या बायकांच्या नवऱ्यांच्या, मुलांच्या. काही बायका स्वतःही चालवत येतात. तीन वर्षं मी त्यांच्या बाजूने वळून आत जातोय.

गेटवरच्या काकांना विचारलं, आत का नाही लावत? म्हणाले, "आत स्टाफची जागा आहे साहेब. आम्ही कंत्राटी." पावसात सीट भिजतं म्हणून सगळ्यांनी पिशव्या बांधल्यात. गेल्या महिन्यात त्यातली एक चोरीला गेली. ते वारज्याहून येतात, म्हणजे माझ्याएवढंच अंतर. रात्रपाळी सुटते तेव्हा बस नसते.

ॲडमिनला मेल टाकला की सव्वीस जागा रिकाम्या आहेत, त्या अकराजणांना द्या. उत्तर आलं की पॉलिसी बघून कळवतो. त्याला पाच आठवडे झाले. मधल्या काळात मी माझी सायकल वर, कुंपणालाच लावतोय. बाकीच्या तिघांना विचारलंय, एक तयार झालाय. काही झालं तर इथे लिहीनच.