खेळाचे यंत्र की शिकण्याचे?

मुलांना खेळायला यंत्र हवे असते आणि वडिलांना ते विकत घेण्यासाठी कारण हवे असते. या दोन गरजांची गाठ १९८२-८३ च्या सुमारास अमेरिकेत जशी पडली, तशी क्वचितच कुठे पडली असेल. दिवाळीचा बोनस हातात पडला की कन्सोल घ्यावा की खेळ चालवील असा दमदार कॉम्प्युटर घ्यावा, हा वाद आता आपल्याकडेही होतो. आणि "अभ्यासालाही उपयोगी पडेल, बाबा" हे त्या वादातले हुकमी वाक्य असते. या वाक्याचे वय चाळीस वर्षांहून अधिक आहे, आणि एका भरभराटीच्या धंद्याला तळ दाखवण्यात त्याचाही हात आहे.

अटारी कंपनीने आपले घरगुती खेळयंत्र १९७७ च्या सप्टेंबरात बाजारात आणले. दर्शनी बाजूस लाकडाचा आभास देणारी पट्टी, जोडीला जॉयस्टिक, किंमत १९९ डॉलर. आतली स्मृती अवघी १२८ बाइट. म्हणजे एका पोस्टकार्डावरचा मजकूरही त्यात मावला नसता. तरीही त्याने लाखो घरे जिंकली, कारण कार्ट्रिज खोचायचे, कळ दाबायची आणि खेळायला लागायचे, याहून अधिक काही येण्याची गरजच नव्हती. धंद्याची खुबी निराळी होती. पणती स्वस्त द्यायची आणि तेलावर पैसा कमवायचा, तसा खरा नफा कार्ट्रिजांवर होता.

आता या गोष्टीत जॅक ट्रॅमिएल या गृहस्थांचा प्रवेश होतो. जन्म १९२८ चा, पोलंडमधल्या वूच शहरातला. ज्यू असल्यामुळे कोवळ्या वयात ऑशविट्झची छळछावणी पाहिलेला हा माणूस. युद्धानंतर अमेरिकेत आला, तिथल्या सैन्यात टाइपरायटर दुरुस्त करू लागला, पुढे त्याच धंद्यात पडला आणि कमोडोर कंपनीचा मालक झाला. सत्तरीच्या दशकात कमोडोर खिशातले गणनयंत्र बनवी, त्याच्या चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सकडून घेऊन. एके दिवशी हा चिपवाला स्वतःच गणनयंत्रे विकू लागला, आणि तीही कमोडोरला नुसत्या मालाला पडे त्याहून कमी किमतीत! त्या फटक्यातून ट्रॅमिएल जेमतेम वाचला आणि त्याने १९७६ साली चिप बनवणारी एमओएस टेक्नॉलॉजी ही कंपनीच विकत घेतली. दुसऱ्याच्या विहिरीवर पाणी भरायचे नाही, हा धडा त्याने पक्का गिरवला होता.

त्या विहिरीच्या जोरावर १९८२ च्या ऑगस्टात कमोडोर ६४ आला. स्मृती ६४ किलोबाइट, अटारीच्या ५१२ पट. किंमत ५९५ डॉलर. त्याच्या आधीच्या व्हिक-२० ची जाहिरात विल्यम शॅटनर हा नट करीत असे, आणि तिचा रोख सरळ आईबापांवर होता: नुसता व्हिडिओ गेम कशाला घेता, त्यापेक्षा कॉम्प्युटर घ्या की! पुढे १९८३ च्या आरंभी कमोडोरने जाहीर केले की जुने खेळयंत्र किंवा कॉम्प्युटर आम्हाला पाठवा आणि १०० डॉलर परत घ्या. मग काही दुकानदारांनी टायमेक्सचा चिमुकला कॉम्प्युटर १० डॉलरला गिऱ्हाइकाच्या हाती ठेवावा, त्याने तो पाठवून शंभर उकळावेत, असा प्रकार सुरू झाला. त्याच वर्षात कमोडोर ६४ ची किंमत २०० डॉलरांच्या आसपास उतरली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा ५२५ डॉलरांचा घरगुती कॉम्प्युटर ९९ डॉलरांवर आला आणि ऑक्टोबरात त्या कंपनीने या बाजाराला रामराम ठोकला. जुने उट्टे असे निघाले.

खेळयंत्रांचेही दिवस फिरले होते. दोष केवळ कॉम्प्युटरचा नव्हे. बाजारात सुमार कार्ट्रिजांचा महापूर आला होता. 'ई. टी.' चित्रपटावरचा खेळ अटारीने पाचएक आठवड्यांत करवून घेतला आणि न खपलेला माल १९८३ साली न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावच्या कचराभूमीत पुरला. (ही दंतकथा असावी असे पुष्कळांना वाटे, २०१४ च्या एप्रिलमध्ये उकरून पाहिले तेव्हा कार्ट्रिजे निघाली!) त्या एका वर्षात अटारीला ५० कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला.

आणि ज्यांनी अभ्यासासाठी म्हणून कॉम्प्युटर नेला, त्यांच्या घरी काय झाले? डिस्क-ड्राइव्हला आणखी ४०० डॉलरांच्या घरात मोजायचे, किंवा कॅसेटवरून खेळ चढेपर्यंत कित्येक मिनिटे ताटकळायचे. आणि मुले बहुतांशी खेळतच राहिली. परंतु कॉम्प्युटर सुरू करताच पडद्यावर बेसिक भाषा तुमच्या आज्ञेची वाट पाहत उभी असे. खेळयंत्र खेळ देई. हे यंत्र खेळ कसा करायचा तेही विचारी. माझ्या मते सगळा फरक एवढ्यातच आहे, आणि तो लहान नाही. ब्रिटनमध्ये १७५ पौंडांच्या ४८ के स्पेक्ट्रमसाठी मॅथ्यू स्मिथ या पोराने ऐन विशीच्या आत 'मॅनिक मायनर' लिहिला. बीबीसीच्या साक्षरता-मोहिमेसाठी घडवलेल्या, शाळाशाळांतून मांडलेल्या मायक्रोवर डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी १९८४ साली 'एलिट' हा अंतराळव्यापाराचा खेळ रचला. हाच बीबीसी मायक्रो त्याच सुमारास क्लास योजनेतून भारतातल्या शाळांतही आला.

इकडे जपानात निन्टेंडोने १५ जुलै १९८३ रोजी १४,८०० येनांचे खेळयंत्र काढले आणि त्याचे नाव ठेवले फॅमिली कॉम्प्युटर. कीबोर्ड मात्र नव्हता, तो पुढे १९८४ मध्ये निराळा विकला. अमेरिकेत १९८५ साली तेच यंत्र नेताना पंचाईत झाली. तिथले दुकानदार व्हिडिओ गेम म्हटले की हात झटकीत. तेव्हा त्याला 'एंटरटेनमेंट सिस्टम' म्हटले आणि सोबत एक यंत्रमानव दिला, म्हणजे ते खेळण्यांच्या कप्प्यात बसावे. शिवाय आत अशी कुलूपचिप ठेवली की कंपनीच्या परवान्यावाचून कुणाचे कार्ट्रिज चालू नये. कचऱ्याचा पूर त्याने थांबला. पण घरी बसून खेळ लिहिणाऱ्या पोराला दारही बंद झाले.

नव्वदच्या दशकात चीनमध्ये सुबोर कंपनीने याच निन्टेंडोची नक्कल कीबोर्डाच्या पोटात दडवली आणि 'शिकण्याचे यंत्र' म्हणून खपवली. जाहिरातीला जॅकी चॅन होता. आपल्याकडेही टीव्हीला जोडायची तसली यंत्रे खेळण्यांच्या दुकानांत मिळत. त्यांच्या कार्ट्रिजात टायपिंगचे धडे असत, बेसिक असे, आणि त्याच यादीत खाली मारिओही असे.