‘जी’ : रात्रीच्या आकाशातील जाळे

ऑगस्ट १९४१. ब्रिटिश युद्धमंत्रिमंडळाच्या सचिवालयातील डेव्हिड बट यांनी बॉम्बफेकी विमानांतून रात्री टिपलेली सहाशेहून अधिक छायाचित्रे तपासून एक अहवाल सादर केला. लक्ष्यावर हल्ला केल्याचे सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एक तृतीयांश विमाने लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोहोचली होती. कारखान्यांच्या धुराने झाकलेल्या रूर खोऱ्यात तर दहातील एकच. पाच मैल त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे पाऊणशेहून अधिक चौरस मैल. एवढी सवलत देऊनही हा निकाल.

वैमानिक खोटे बोलत नव्हते. खाली दिवे विझवलेला प्रदेश, वर ढग, हाताशी होकायंत्र, घड्याळ आणि वाऱ्याचा अंदाज. हा अंदाज ताशी २० मैलांनी चुकला, तर तीन तासांनंतर विमान ६० मैल भलतीकडे असे.

यावरचा उपाय तेव्हा प्रयोगाच्या टप्प्यावर होता. रडार-शास्त्रज्ञ रॉबर्ट डिपी यांच्या कल्पनेवर उभारलेल्या या यंत्रणेचे नाव होते ‘जी’, म्हणजे ‘ग्रिड’चे आद्याक्षर. इंग्लंडमधील एक मुख्य केंद्र आणि दूरवरची दोन उपकेंद्रे ठरावीक क्रमाने रेडिओस्पंद सोडीत. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जाते. त्यामुळे दोन केंद्रांचे स्पंद विमानात किती अंतराने पोहोचले, यावरून विमान नकाशावरील एका विशिष्ट अपास्त वक्रावर आहे हे कळे. दुसऱ्या जोडीमुळे दुसरा वक्र मिळे. दोन्ही छेदतील ते विमानाचे स्थान. विमानाने स्वतः काहीच प्रक्षेपित करायचे नसल्यामुळे शत्रूला त्याचा माग लागत नसे आणि कितीही विमाने एकाच वेळी ही यंत्रणा वापरू शकत.

त्याच ऑगस्टमध्ये चाचणीचा ‘जी’ संच बसवलेले एक वेलिंग्टन विमान हानोव्हरच्या मोहिमेवरून परतले नाही. गुपित फुटण्याची भीती निर्माण झाली. तेव्हा हवाई गुप्तवार्ता विभागातील आर. व्ही. जोन्स यांनी एक नामी बनाव रचला. संचाला ‘टीआर १३३५’ असे साध्या रेडिओसंचासारखे नाव मिळाले. शिवाय जर्मनांच्याच शलाका-पद्धतीची नक्कल वाटावी अशा ‘जे’ नावाच्या रेडिओशलाका सोडण्यात आल्या. ब्रिटिशांनी आपली युक्ती उचलली, हे जर्मनांना पटणे सोपे होते. अहंकार सुखावणारी खोटी बातमी सहसा तपासली जात नाही.

१४ फेब्रुवारी १९४२ चा आदेश मात्र ‘जी’च्या इतिहासातील सर्वांत अस्वस्थ करणारे पान आहे. शत्रूच्या नागरिकांचे, विशेषतः औद्योगिक कामगारांचे, मनोधैर्य हे आता मुख्य लक्ष्य ठरले. दुसऱ्याच दिवशी हवाई दलप्रमुख चार्ल्स पोर्टल यांनी खुलासा केला की नेमबिंदू गोद्या किंवा कारखाने नसून दाट वस्तीचे भाग असतील. ‘जी’च्या टप्प्यातील शहरांना या आदेशात अग्रक्रम होता. इंग्लंडपासून दूर जावे तशी ‘जी’ची चूक वाढे आणि रूरपर्यंत ती काही मैलांवर जाई. शहर सापडे, कारखाना सापडत नसे. धोरण केवळ यंत्रामुळे बदलले असे म्हणता येणार नाही; पण यंत्राची अचूकता आणि लक्ष्याचा आकार यांचा मेळ इतका नेमका बसला की त्याकडे दुर्लक्ष करणे कठीण आहे.

८ मार्चच्या रात्री एसेनवर गेलेल्या २११ विमानांपुढे ‘जी’धारी विमाने होती. धुरकटीमुळे क्रुपचा कारखाना जवळजवळ सुरक्षित राहिला. ३० मेच्या रात्री कोलोनवर सुमारे दीड तासात हजारभर विमाने एकाच प्रवाहात नेता आली, यात ‘जी’चा वाटा मोठा होता. त्या रात्री चारशेहून अधिक माणसे मेली आणि सुमारे ४५,००० बेघर झाली.

तीन महिने गुपित टिकले तरी पुरे, अशी जोन्स यांची अपेक्षा होती. ते जवळपास पाच महिने टिकले. ऑगस्ट १९४२ मध्ये जर्मनांनी त्या लहरींत अडथळा आणण्यास आरंभ केला आणि जर्मनीवर ‘जी’ जवळजवळ निरुपयोगी झाली. इंग्लंडच्या आकाशात मात्र तो अडथळा क्षीण पडे. त्यामुळे पुढील काळात तिचा मोठा उपयोग झाला तो परतीच्या वाटेवर, धुक्यात बुडालेला आपला तळ शोधण्यासाठी. अखेरची ‘जी’ केंद्रे १९७० मध्ये बंद झाली.