क्योटो ते परळ : एका प्रथिनाची कुळकथा

नागपूरच्या पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खर्रा तयार होतो आणि तासन् तास गालात राहतो. २०१२ साली महाराष्ट्रात गुटखाबंदी झाली, खर्रा मात्र गेला नाही. तुकडोजी चौकातले राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याचे नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट इथे विदर्भातून तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण येत राहतात. त्या प्रत्येकाच्या बाबतीत एक प्रश्न असतो : पेशी इतकी बिघडली, तर ती वेळीच मेली का नाही?

मरणे हा निरोगी पेशीच्या कामाचाच भाग आहे. जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अ‍ॅलेस्टर करी यांनी १९७२ साली या शिस्तबद्ध मृत्यूचे वर्णन केले. अशी पेशी फुटत नाही. ती आक्रसते, तिचे तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. मृत्यूचा हुकूम बाहेरूनही येतो. रोगप्रतिकारक टी पेशी बिघडलेल्या पेशीला चिकटते, तिच्या पृष्ठभागावरच्या ‘फास’ नावाच्या प्रथिनाला इशारा देते किंवा तिच्यात ग्रॅन्झाइम सोडते. मग आतली कॅस्पेज विकरे पेशीचा शेवट घडवतात.

या मृत्यूमागची जनुके शोधताना जपानमध्ये एक वेगळीच गोष्ट हाती लागली. क्योटो विद्यापीठात तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेत यासुमासा इशिदा मरणाऱ्या पेशींत कोणती जनुके जागी होतात ते पाहत होते. १९९२ साली त्यांनी ‘पीडी-१’ जाहीर केले, पण त्याचे काम उलगडायला आणखी काही वर्षे गेली. १९९९ साली होन्जोंच्या गटाने हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. वय वाढले तसे त्यांना सांधेदुखी आणि मूत्रपिंडाचा विकार जडला; त्यांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटली होती. पीडी-१ हा टी पेशीवरचा लगाम आहे, हे तेव्हा ध्यानात आले.

लगाम ओढणारे प्रथिनही लवकरच सापडले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये लिपिंग चेन यांच्या गटाने १९९९ साली त्याचे वर्णन केले. ते पीडी-१ ला जोडले जाते, हे २००० साली गॉर्डन फ्रीमन आणि होन्जो यांच्या गटांनी दाखवले. तेच पीडी-एल१. हे शरीराचेच, उपयोगाचे प्रथिन आहे. आईची प्रतिकारशक्ती गर्भाला परके मानून हल्ला करू नये म्हणून ते वारेवर भरपूर असते. २००२ साली चेन आणि होन्जो यांच्या गटांनी दाखवले, की कर्कपेशीही तेच अंगावर घेतात आणि टी पेशीच्या हल्ल्यातून सुटतात. टी पेशी हल्ला करताना इंटरफेरॉन गॅमा सोडते आणि त्यामुळेच कर्कपेशीवरचे पीडी-एल१ आणखी वाढते. २००८ साली चेन यांच्या गटाने आणखी एक पैलू समोर आणला : पीडी-एल१ कर्कपेशीच्या आतही संदेश पाठवते, त्यामुळे फासच्या इशाऱ्याला ती सहजी दाद देत नाही.

पीडी-१ आणि पीडी-एल१ यांची ही जोडी तोडणारे निव्होलुमॅब हे औषध जपानमध्ये २०१४ साली त्वचेच्या मेलॅनोमा कर्करोगासाठी मंजूर झाले. २०१६ साली डोके आणि मानेच्या परतलेल्या कर्करोगातही त्याने आयुष्य वाढवल्याचे सिद्ध झाले. तोंडाचा कर्करोग याच गटात मोडतो. होन्जो यांना जेम्स अ‍ॅलिसन यांच्यासह २०१८ सालचे नोबेल मिळाले. पण औषधाची किंमत इतकी, की बहुतेक भारतीय कुटुंबांसाठी ते केवळ पुस्तकात होते.

या कुळकथेचे पुढचे पान परळला लिहिले गेले. निव्होलुमॅबची नेहमीची मात्रा दर २ आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. त्याहून कितीतरी कमी औषधातही टी पेशींवरचे बहुतेक पीडी-१ व्यापले जाते, हे सुरुवातीच्या चाचण्यांतच दिसले होते. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात विजय पाटील, कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी डोके-मानेच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर चाचणी केली. सगळ्यांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब ही तोंडाने घ्यायची औषधे दिली. निम्म्यांना त्यासोबत दर ३ आठवड्यांना केवळ २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिले. हिशेब केला तर नेहमीच्या मात्रेचा अठरावा भाग. एका वर्षाने नुसत्या गोळ्यांच्या गटात १६.३ टक्के रुग्ण हयात होते, निव्होलुमॅबच्या गटात ४३.४ टक्के. २०२२ साली हे निष्कर्ष जगासमोर आले.

या आकड्यांचा अर्थ नेमका घ्यायला हवा. हे रुग्ण बरे झाले असे नाही, आणि कमी मात्रेची तुलना पूर्ण मात्रेशी या चाचणीत झालेली नव्हती. तरीही ज्याला ते औषध एरवी मिळालेच नसते, त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. क्योटोच्या उंदरांनी लगाम कुठे आहे ते सांगितले. परळच्या डॉक्टरांनी तो आपल्या रुग्णांच्या ऐपतीत कसा सोडवता येईल, हा प्रश्न विज्ञानाच्या शिस्तीत विचारला. मला हे काम मूळ शोधाइतकेच मोलाचे वाटते. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीहून नागपूरला येणाऱ्या रुग्णापर्यंत औषध पोहोचले, तरच त्या शोधाचा त्याला उपयोग. आणि तोंड पूर्ण उघडत नसेल, पांढरा चट्टा दिसत असेल किंवा जखम ३ आठवड्यांत भरत नसेल, तर खर्रा थुंकून त्याच दिवशी तपासणीला जावे. लवकर सापडलेल्या कर्करोगाला या महागड्या औषधाची वेळ बहुधा येतच नाही.